वाघळोशीचा सुरण आणि सरकारस्वारीचा कंठ

"मॅडम, एक कागद पाहिजे. एकच," नानासाहेब सुर्वे म्हणाले आणि त्यांनी काजूंची बशी माझ्यापुढे सरकवली. "जुना पाहिजे, मोडीत पाहिजे, आणि त्यात सुरण पाहिजे. शिक्का असला तर सोन्याहून पिवळं."

"आणि मजकूर?"

"मजकुराचं काय एवढं? आजकाल मोडी वाचतंय कोण?"

एकतीस वर्षे मोडी वाचण्याखेरीज दुसरे काहीही न केलेल्या बाईला त्यांनी हा प्रश्न विचारला होता. मी एक काजू घेतला.

या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली. नानासाहेबांची शेतमाल कंपनी तेव्हा जोरात होती. कालव्याच्या दोन्ही अंगांना त्यांनी सव्वाशे एकरांत सुरण लावला होता. संशोधन केंद्रातून निघालेले, खाज काढून टाकलेले ते वाण होते. कंद मोठा, मऊ आणि सभ्य. उणीव एकच होती, त्याला नाव नव्हते. नाव होते ते वर डोंगरात, वाघळोशी नावाच्या बेचाळीस उंबऱ्यांच्या गावाकडे. मूळव्याधीवर औषधे करणारे जुने वैद्य वाघळोशीचे नाव घेऊनच सुरण मागत आणि त्याला चौपट भाव देत. म्हणून नानासाहेबांनी 'वाघळोशी सुरण' या नावाच्या भौगोलिक मानांकनासाठी अर्ज करण्याचे ठरवले. एकदा नाव नोंदले गेले, की अर्जासोबतच्या नकाशातल्या गावांनी पिकवलेल्या आणि अर्जातल्या वर्णनात बसणाऱ्या सुरणालाच ते लावता येणार होते. इतरांनी लावले तर तो गुन्हा.

अर्जाचा मसुदा माझ्या हातात होता. वर्णन असे: 'गोडसर, मऊ, संपूर्णतः खाजरहित.' नकाशात कालव्याकाठची सतरा गावे होती. मी तो दोनदा उलटसुलट करून पाहिला.

"यात वाघळोशी कुठे आहे?"

"आहे की. वर, मोठ्या अक्षरात."

"ते शीर्षक आहे. मी गावाविषयी विचारते आहे."

"गाव डोंगरात आहे, मॅडम. तिथं टेम्पो जात नाही. नावापुरतं गाव पुरे."

"अर्जदार त्या गावचा असावा लागत असेल ना?"

"मग मी कोण आहे? आमचं मूळ घराणं वाघळोशीचं. तसं प्रतिज्ञापत्रच केलंय. मी गावकरीच आहे."

"शेवटचे कधी गेला होतात?"

"जायला रस्ता कुठाय?"

इतिहासाचे प्रकरण त्यांनी आधीच एका जाहिरात लिहिणाऱ्याकडून करवून घेतले होते. त्यात तीन राजघराणी, एक सत्पुरुष आणि एक गोरा कलेक्टर वाघळोशीचा सुरण खाऊन तृप्त झाले होते. आमच्या जिल्ह्यातला कोणताही खाद्यपदार्थ इतिहासातून उपाशी परतत नाही. लाडू असो वा लोणचे, कुणीतरी सरदार ते तोंडात टाकून लढाई जिंकलेला असतोच. अशा बखरी मी आयुष्यभर वाचत आले होते आणि त्यांवर चिडण्याची माझी पद्धत फार पूर्वीच ठरून गेली होती. मी आवाज चढवत नाही. मी तळटीप लिहिते.

"माझ्याकडे एक कागद आहे," मी म्हणाले.

नानासाहेब खुर्चीत पुढे सरकले.

"इथल्या जहागीरदाराच्या दफ्तरातला आहे. बावीस वर्षांपूर्वी मला सापडला. त्यात मौजे वाघळोशीचे नाव आहे, सुरण आहे, मुदपाकखाना आहे आणि शिक्काही आहे."

"सरकारस्वारीनं खाल्ला?"

"खाल्ला. असा सुरण या प्रांतात दुसऱ्या गावी नाही, असेही स्पष्ट लिहिले आहे."

"बास!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "हेच! असा दुसऱ्या गावी नाही! मॅडम, तुम्हाला शाल-श्रीफळ माझ्याकडून."

"पत्र अकरा ओळींचे आहे. देवनागरीत उतरवून सोबत जोडते. ते एकदा वाचून घ्या."

"वाचतो की."

मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. अकरांतल्या दोन ओळींवरच त्यांचे समाधान झाले, याला माझा इलाज नव्हता. पुढच्या आठवड्यात पत्राचे छायाचित्र आणि त्याची देवनागरी प्रत मी त्यांच्या कचेरीत पोच घेऊन दिली. पोचपावती अजून माझ्याजवळ आहे.

नंतर मी वाघळोशीला गेले. पायथ्यापासून दीड तासांची चढण होती. गावचे सरपंच सखाराम गोताड वाटेवरच भेटले आणि मला भागीरथी धुमक यांच्या अंगणात घेऊन गेले. सगळे गाव त्यांना भागीकाकी म्हणे. सत्तरीची, काटक बाई. गावाचे सुरणाचे बेणे त्यांच्या माजघरात राखलेले असे. मी पोचले तेव्हा त्या कोपरापर्यंत आमसुलाचे पाणी चोळत होत्या.

"हाताला काय झालं?" मी विचारले.

"काय नाय. सकाळी सुरण खणला. तो आपली वळख देतोच."

मी त्यांना अर्ज समजावून सांगितला. दोघांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजे आमच्या सुरणाला आमच्याच गावाचं नाव लावलं तर गुन्हा?" सखारामभाऊंनी विचारले.

"हो. तुम्ही नकाशात नाही, आणि तुमचा सुरण वर्णनात बसत नाही. तिथे 'खाजरहित' लिहिले आहे."

"खाज काढल्यावर सुरणात ऱ्हायलं काय?" भागीकाकी म्हणाल्या. "मग बटाटाच खावा की मेल्यांनी."

"तज्ज्ञांची समिती मार्गशीर्षात इथे पाहणीला येणार आहे. तुमची हरकत ते इथेच ऐकतील. तुमचा सुरण वेगळा आहे, एवढे त्यांना पटले पाहिजे. माझ्याकडे एक जुने पत्रही आहे."

"काय लिवलंय त्यात?"

मी पिशवीतून कागद काढला, तेवढ्यात भागीकाकींच्या सुनेने पुढ्यात पान मांडले. भाकरी आणि सुरणाची भाजी. ज्यांनी आपल्या सुरणाची भाजी प्रेमाने वाढली, त्यांना त्याच वेळी ते पत्र वाचून दाखवणे मला जमले नाही. हा माझ्या संगोपनाचा दोष आहे. मी कागद पुन्हा पिशवीत ठेवला आणि जेवले.

भाजी उत्तम होती. मऊ होती, गोडसर होती. घशाला काहीही झाले नाही.

"आवडली?" भागीकाकींनी विचारले.

"फार छान."

सून पदराआड हसली. सखारामभाऊ उगाच छपराकडे बघू लागले. मला ते विचित्र वाटले, पण त्याहून मोठी चिंता मला उतरणीवर लागली. पत्रात लिहिले होते ते या भाजीत कुठेच नव्हते. पत्र लिहिणाऱ्याने अतिशयोक्ती केली असावी, किंवा दोनशे वर्षांत सुरण निवळला असावा. दोहोंपैकी काहीही खरे असते, तरी नानासाहेबांचे 'खाजरहित' खरे ठरत होते. आणि त्यांच्या अर्जाला आधार देणारा एकमेव अस्सल कागद मी स्वतः त्यांच्या हातात दिला होता. संशोधकाची झोप उडायला एवढे पुरते.

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी समिती आली. तिघेजण होते. प्रमुख डॉ. मुळगुंद यांनी सारी हयात कंदमुळांच्या अभ्यासात घालवली होती. सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. चपला हातात घेऊन ते चढण चढून आले. नानासाहेबांना शेवटच्या टप्प्यात चौघांनी खुर्चीत बसवून वर आणले. त्यांच्यामागून दोघे कामगार सोनेरी चौकटीतली एक प्रचंड तसबीर घेऊन येत होते. ते माझे पत्र होते, दाराएवढे मोठे केलेले. खाली देवनागरीत फक्त एक ओळ छापली होती: 'ऐसा सुरण या प्रांतीं दुसरे गांवीं नाहीं.'

"कसं वाटतं?" नानासाहेब मला म्हणाले.

"बाकीच्या दहा ओळी?"

"लोकांना एवढं कुठं वाचायचं असतं, मॅडम?"

देवीच्या सभामंडपात पंगत मांडली. डॉ. मुळगुंदांसमोर दोन वाट्या ठेवल्या होत्या. एकीत नानासाहेबांच्या शेतातला सुरण, दुसरीत गावाने रांधलेला. त्यांनी आधी एक चाखला, मग पाणी प्यायले, मग दुसरा चाखला. पुन्हा पहिला घेतला. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे पाहत होतो.

"मला यांत काहीच फरक जाणवत नाही," ते म्हणाले. "पोत तोच, चव तीच. खाज दोन्हींत नाही. मग हरकत कशाची आहे?"

"तेच मी म्हणतोय, सर," नानासाहेब प्रसन्नपणे म्हणाले. "आमचं आणि गावाचं एकच आहे. उगाच बाहेरच्या लोकांनी कान भरलेत."

बाहेरचे लोक म्हणजे मी. मी भागीकाकींकडे पाहिले. त्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत लाल चट्टे होते.

हातांना जो सुरण चावतो, तो जिभेला का चावत नाही? हा प्रश्न मला दोन महिन्यांपूर्वीच पडायला हवा होता.

"काकी," मी विचारले, "ही भाजी कुठल्या सुरणाची आहे?"

त्यांनी सरपंचांकडे पाहिले.

"सखारामभाऊ?"

"बाजारातनं आणलाय," सरपंच जमिनीकडे बघत म्हणाले.

"कुठल्या बाजारातून?"

"खालच्या. नानासायबांच्याच गाळ्यावरनं."

डॉ. मुळगुंदांनी वाटी खाली ठेवली. "म्हणजे मी मघापासून एकच सुरण दोनदा खातोय?"

"अहो, पण तुमचाच सुरण वाढायचा होता!" माझा आवाज आयुष्यात प्रथमच चढला. "आजच्या दिवशी तरी!"

"आजच्याच दिवशी कसा वाढणार, बाई?" भागीकाकी म्हणाल्या. "पावणे हायत ते. पावण्याला गावचा सुरण नाय वाढत आमी. तुमालासुदीक नव्हता वाढला."

"का?"

"रीत हाय. सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं. घरात खावा, देवीला दाखवा, वैद्याला इका. पण पावण्याच्या पानात गावचा सुरण नाय. पाप लागतं."

"पाप कसले?"

"ते काय ठाव नाय. मोठं असणार. कुणी इचारलंच नाय कदी."

नानासाहेब मोठ्याने हसले. "बघा सर! स्वतःचा माल पाहुण्याला वाढायची लाज वाटते यांना, आणि मानांकन पाहिजे!"

मी मात्र हसण्याच्या स्थितीत नव्हते. पत्राची शेवटची ओळ मला तोंडपाठ होती. बावीस वर्षे मी ती ओळ एखाद्या तऱ्हेवाईक कारकुनाचा विनोद समजत आले होते.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणाले, "अर्जदारांनी पुरावा म्हणून हे पत्र आणले आहे. ते वाचून दाखवण्याची परवानगी मिळेल का? पूर्ण."

"वाचा की!" नानासाहेबांनीच परवानगी दिली. "खणखणीत वाचा. गावालाही कळू द्या आपला इतिहास."

कामगारांनी तसबीर उभी धरली. मी चष्मा पुसला आणि वाचू लागले.

"मोकदम मौजे वाघळोशी यांसी आज्ञा केली ऐसी जे. मौजे मजकूरचा सुरण मुदपाकखान्यांत दाखल जाहला. तो भक्षण करितांच सरकारस्वारीचे कंठास अतिशय खाज सुटोन जिव्हेस सूज आली."

कुणीतरी मागे खुसखुसले. नानासाहेबांचे हसू जिथल्या तिथे थांबले.

"मुखावाटे शब्द निघेना. सबब तीन रोज कचेरी बंद राहिली. वैद्य आणोन तूप व आमसुलाचें सार देवविलें तेव्हां उतार पडला. ऐसा सुरण या प्रांतीं दुसरे गांवीं नाहीं, हें बरेंच आहे."

"हे बरेच आहे?" डॉ. मुळगुंदांनी विचारले.

"ती ओळ तिथे संपते. तसबिरीखाली छापताना थोडी आधी संपवली आहे. अजून दोन ओळी आहेत." मी मुद्दाम सावकाश वाचले. "पुढें मौजे मजकूरचा सुरण सरकारांत आणूं नये. व गांवकरी यांणी कोणे पाहुण्यास अगर परस्थास गांवचा सुरण वाढूं नये. वाढिल्यास गुन्हेगारी पांच रुपये घेतली जाईल. जाणिजे."

भागीकाकी खांब सोडून पुढे आल्या आणि त्यांनी तसबिरीच्या काचेवर बोट ठेवले, नेमके भलत्याच ओळीवर.

"म्हंजे पाप नव्हतं? दंड होता?"

"दंड होता, काकी."

"आनि तो सरदार?"

"तो जाऊन पावणेदोनशे वर्षे झाली."

"मग आमाला सांगितलं का नाय कुणी?" त्या इतक्या मनापासून संतापल्या, की मलाच अपराधी वाटले. "एवढे पावणे आले नि गेले, प्रत्येकाला बाजारचं घातलं!"

डॉ. मुळगुंदांनी आपल्या सहकाऱ्याला भराभर काही लिहून घ्यायला सांगितले. पत्रातला हुकूम आणि आजची पंगत यांतला धागा त्यांना माझ्या आधीच दिसला असावा. दोनशे वर्षांपूर्वी बजावलेली मनाई हे गाव अजून पाळत होते, आणि तिचा दाखला त्यांच्याच वाटीत होता.

"मला तो सुरण पाहिजे," ते म्हणाले. "गावचा. आत्ता."

"नाय," भागीकाकी म्हणाल्या.

"अहो, पण सरदार आता नाही."

"सरदार नसंल. पर कागद तर हाय? कागदावर आमचं सगळं ठरणार म्हंता, मंग त्याच कागदाचा हुकूम मोडू? पावण्याला वाढणार नाय."

"पाच रुपये मी भरतो, काकी."

"दंड तुमाला नाय, आमाला हाय. तुमी कसे भरणार?"

मी तीन विद्यापीठांत कायद्याच्या इतिहासावर व्याख्याने दिली आहेत. तिथे हा मुद्दा कुणीच काढला नव्हता. समितीने सुरण चाखल्याशिवाय निर्णय होणार नव्हता, आणि समिती पाहुणी होती. तेवढ्यात माझी नजर डॉ. मुळगुंदांच्या मांडीवरच्या अर्जावर गेली.

"काकी, गावकऱ्याला वाढलेले चालते ना?"

"गावकऱ्याला कोन अडवतंय?"

"मग अर्जाचे तिसरे पान पाहावे, डॉक्टरसाहेब. प्रतिज्ञापत्र आहे. नानासाहेब सुर्वे हे मूळचे वाघळोशीचे. शपथेवर लिहिले आहे."

डॉ. मुळगुंदांनी पान उलटले, वाचले आणि चष्म्यावरून नानासाहेबांकडे पाहिले. "खरंच की. आपण गावकरीच आहात."

"आहे... म्हणजे, आहेच," नानासाहेब म्हणाले. "पण माझा आज बुधवारचा उपास आहे."

"सुरण उपासाला चालतो," भागीकाकी म्हणाल्या आणि घराकडे वळल्या.

अर्ध्या तासाने त्या पितळेच्या ताटलीत वाफाळत्या फोडी घेऊन आल्या. आता माघार घ्यायची तर शपथ खोटी होती असे कबूल करावे लागणार होते. नानासाहेबांनी एक फोड उचलली. त्यांच्या धैर्याला मी आजही दाद देते. त्यांनी ती चावली, गिळली आणि विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिले.

"बघा," ते म्हणाले. "काही नाही. एकदम गोड. खाज कसली? ही सगळी बद..."

पुढचा शब्द आला नाही. त्यांचा हात गळ्याकडे गेला, मग दुसराही गेला. डोळे भरून आले. ते उठले, बसले, खाकरले आणि खांबाला धरून त्यांनी असा काही आवाज काढला, की देवळावरचे पारवे उडाले.

"लिहून घ्या," डॉ. मुळगुंद सहकाऱ्याला शांतपणे म्हणाले. "'अर्जदारांचे कंठास अतिशय खाज सुटली.' वेळ एक वाजून दहा मिनिटे."

"काकी, खाज मारायला चिंचेचा पाला घालून शिजवला होता ना?" सखारामभाऊंनी हळूच विचारले.

"घाईत ऱ्हायला बघ," भागीकाकी म्हणाल्या आणि त्यांनी आमसुलाच्या साराचा तांब्या नानासाहेबांपुढे धरला. "घ्या, गाववाले. घोट घोट घ्या. सरदाराला तीन दिस लागलेले."

त्या दिवशी नानासाहेबांचा युक्तिवाद ऐकायचा राहून गेला. तो पुन्हा कधी झालाही नाही. अर्ज मागे घेतला गेला आणि गावाने आपला अर्ज केला. अडीच वर्षांनी नोंदणी झाली. नकाशात एकच गाव आहे. वर्णनात 'तीव्र खाज आणणारा' हे शब्द आहेत. ते घालावेत म्हणून भागीकाकी अडून बसल्या होत्या. पुरावा म्हणून तेच पत्र जोडले आहे, अकराच्या अकरा ओळींसह.

प्रमाणपत्राची प्रत द्यायला मी स्वतः वर गेले. दोनच दिवसांनी पुण्यात माझे व्याख्यान होते, म्हणून लगेच उतरायचे ठरवले होते. भागीकाकींनी प्रत उलटीसुलटी पाहिली, देवीपुढे ठेवली आणि मला म्हणाल्या, "बस. पान वाढते."

"बाजारातून आणायचा त्रास घेऊ नका."

"कोन आणतंय बाजारातनं?"

सुनेने ताट ठेवले. या वेळी ती पदराआड हसली नाही. दारात उभी राहून नीट बघू लागली. मी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला जिभेच्या मुळाशी काहीतरी जागे झाले आणि सावकाश, एकेक पायरी चढत घशात येऊन बसले. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पंचवीस वर्षे मी जे वाचत होते ते मला अखेर समजले.

"काकी," मी कसेबसे म्हणाले, "चिंचेचा पाला घातला नाहीत का?"

"घातला की."

"मग?"

"घरच्या माणसाला घालतो तेवढाच घातला, बाये. जेव गप."

तीन रोज माझी कचेरी बंद राहिली.